आभासी चष्मा, खरे दुःख

डोळ्यांवर चष्मा चढवायचा आणि बसल्या जागी गर्दीचा बाजार, एसटी स्टँड अनुभवायचे! 'आभासी वास्तव' नावाचे हे तंत्र आता मनोविकारांच्या उपचारांत आले आहे. भीतीच्या प्रसंगाला रुग्ण थोडा थोडा सामोरा जातो आणि भीती ओसरते, हे त्यामागचे सूत्र. ब्रिटनमध्ये ३४६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. घराबाहेर पडण्याची भीती सहा आठवड्यांत कमी झाली. मात्र तेथे रुग्णाशेजारी प्रशिक्षित कर्मचारी बसलेला होता, हे विसरता कामा नये.

उद्या हा चष्मा जामनेरला आला तर? राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. खानदेशात एकही नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात. अशा ठिकाणी 'डॉक्टर नाही, यंत्र घ्या' ही पळवाट सोपी असते. पण या चष्म्याने मळमळते, चक्कर येते. फिट येणाऱ्याला लुकलुकत्या प्रकाशाने झटका येऊ शकतो. भास होणाऱ्या रुग्णाचा गोंधळ वाढू शकतो. म्हणून आधी तपासणी, शेजारी जाणकार माणूस आणि रुग्णाने 'थांबा' म्हणताच यंत्र बंद, एवढे तरी हवेच.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १८ जातिभेदाविना सेवेचा हक्क देते. कलम २४ डिजिटल माहितीचीही गोपनीयता राखते. हा चष्मा नजर आणि हालचाल टिपतो. ती माहिती कोणाकडे जाते, हे रुग्णाला त्याच्या बोलीत, अहिराणीत वा तावडीत, कळले पाहिजे. न समजता उमटवलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे!

आणखी एक प्रश्न उरतोच. जळगावच्या डॉ. पायल तडवी यांनी २२ मे २०१९ रोजी मुंबईत जीवन संपवले. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याच्या आरोपाचा खटला उभा राहिला. अपमानाने खचलेल्या मनाला उपचार हवेतच. पण जो अपमान खरा आहे, तो सहन करण्याची सवय लावणे हा उपचार नव्हे. भीतीचे कारण रुग्णाच्या मनात आहे की वसतिगृहात, कचेरीत, गावात, हे आधी तपासा. ते काम चष्मा करणार नाही.

२०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक सुरू आहे. तो वस्तीवस्तीत पोचवा. आणि मागणी करताना क्रम चुकवू नका: आधी माणूस, मग यंत्र!