पोटदुखीमागचे दुखणे

काही महिन्यांपूर्वी एक आई आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला दवाखान्यात घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पोट दुखते, जेवत नाही, रात्री दचकून उठतो. मी पोट तपासून जंताचे औषध दिले. पंधरा दिवसांनी तीच तक्रार. या वेळी मुलाशी निवांत बोललो, तेव्हा उलगडा झाला. ओळखीतल्या एका तरुणाने मोबाईलवर त्याचे नको तसे फोटो काढले होते आणि त्यावरून तो त्याला धमकावत होता.

आई रडत म्हणाली, "डॉक्टर, त्याला फोटो पुसायला लावते. इथंच मिटवू. पोराची बदनामी होईल."

तिची भीती मला कळते. पण एकदा पुढे गेलेले चित्र परत येत नाही आणि तो तरुण उद्या दुसऱ्या मुलाकडे वळेल.

२०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर, डॉक्टरवरसुद्धा, बंधनकारक आहे. 'नुसते मोबाईलवर उतरवून पाहणे हा गुन्हा नाही' असा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. माझ्या मते हे योग्यच झाले. बघणारे आहेत म्हणून काढणारे आहेत.

काही डॉक्टरमित्र म्हणतात, या सक्तीमुळे पालक दवाखान्यात यायचेच टाळतील. शंका रास्त आहे. पण उत्तरही कायद्यातच आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, पोलीस अधिकाऱ्याने त्या वेळी गणवेश घालायचा नसतो, वृत्तपत्राला मुलाचे नाव, पत्ता, शाळा छापता येत नाही. हे पालकांना आधी सांगणे, हे आम्हा डॉक्टरांचे काम आहे. त्या आईला मी हेच सांगितले. दुसऱ्या दिवशी ती पोलीस ठाण्यात गेली. मी सोबत होतो.

वाचकहो, असे चित्र मोबाईलवर आले तर 'लोकांना सावध करावे' म्हणूनही पुढे पाठवू नका. पोलिसांना कळवा. मूल संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक फिरवा. आणि मूल वारंवार पोट दुखते म्हणाले, तर औषधाआधी त्याच्याजवळ घटकाभर बसा. मी पहिल्या भेटीत बसलो नव्हतो.