‘गेट’ आणि ‘लागणें’

परीक्षा जवळ आली म्हणजे आमच्या कित्येक विद्यार्थिबंधूंच्या वह्यांत ‘गेट’ ह्या इंग्रजी क्रियापदाच्या अर्थांची लांबलचक यादी दिसूं लागते: मिळणें, मिळविणें, पोहोंचणें, होणें, समजणें, आणणें. यादी मुखोद्गत होते. परंतु प्रश्नपत्रिका हातीं पडतांच कोणता अर्थ कोठें घ्यावा हें उमजत नाहीं. मग ‘ही भाषाच विचित्र’ असा ठपका इंग्रजीवर, किंवा ‘ह्यास डोकें नाहीं’ असा मुलावर येतो. आमच्या मतें दोन्ही ठपके अन्यायाचे आहेत. दोष आहे तो नुसत्या यादीच्या घोकंपट्टीचा.

इंग्रजीस विचित्र म्हणण्यापूर्वी आपल्या ‘लागणें’ ह्या क्रियापदाकडे पाहावें. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो. गड्ड्याच्या यात्रेंत दुकानें लागतात. बोरीला बोरें लागतात. कारलें कडू लागतें. एखादे गृहस्थ आपले मामा लागतात. आगगाडी फलाटास लागली तर प्रवासी आनंदतो, आणि मोटार त्यालाच लागली तर बिचारा ओकाऱ्या काढतो! मोल्स्वर्थसाहेबांनीं कँडी बंधूंच्या साहाय्यानें रचलेल्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. असले अर्थ इंग्रजांस समजावून देण्यासाठींच हे परिश्रम होते. आम्ही मात्र ह्यांतील एकही अर्थ पाठ केलेला नाहीं. संस्कृत ‘लग्’ म्हणजे चिकटणें. ‘लग्न’ हा शब्दही त्याच धातूपासून झाला. भूक असो वा ठेच, कांहींतरी येऊन आपणांस भिडतें, एवढें मनांत ठसलें कीं बाकीचें आपोआप उलगडतें.

‘गेट’चेंही असेंच आहे. नवव्या शतकापासून उत्तरेकडील स्कँडिनेव्हियन लोक इंग्लंडांत येऊन वसले. त्यांच्या भाषेंतून हा शब्द आला. त्याच कुळांतील जुना इंग्रजी धातु आतां ‘फर्गेट’सारख्या जोडशब्दांतच उरला आहे. ‘गेट’चा मूळ भाव प्राप्त करणें, पकडींत घेणें, आणि ‘फर्गेट’ म्हणजे मनाच्या पकडींतून जें निसटलें तें. वस्तु हातीं आली कीं ‘गेट’. मुक्काम हातीं आला, म्हणजे पोहोंचलों, कीं ‘गेट’. एखादी अवस्था अंगीं आली तरी ‘गेट’च.

आतां खरी गोम पाहा. इंग्रज ‘आय गॉट अ जॉब’ म्हणतो. तेथें मनुष्य कर्ता. आपण ‘मला नोकरी लागली’ म्हणतों. येथें नोकरी कर्ता आणि मनुष्य चतुर्थींत. हा फरक कोणत्याही यादींत सांपडत नाहीं. म्हणूनच ‘मला’चें शब्दशः ‘टु मी’ करून विद्यार्थी फसतो.

आमच्या सोलापुरांत तर ह्याचे दाखले घरोघरीं आहेत. झोप लागली हें सांगतांना कानडी घरांतील मूल ‘ननगे निद्दे हत्तितु’ म्हणतें. ‘हत्तु’ म्हणजे चढणें, चिकटणें. पूर्व भागांतील तेलुगु विणकराचें मूल ‘नाकु निद्र पट्टिंदि’ म्हणतें. ‘पट्टु’ म्हणजे पकडणें. हा तर ‘गेट’चाच मूळ भाव झाला! मात्र इंग्रज झोपेस पकडतो, आणि आमच्या विणकरास झोप पकडते. ज्या मुलाच्या घरीं कानडी वा तेलुगु बोलतात, त्याच्या मराठीस वर्गांत हंसूं येतें. परंतु भाषांची तुलना करण्याचें साधन त्याच्यापाशीं आपल्यापेक्षां अधिक आहे, हें हंसणारांनीं लक्षांत ठेवावें.

कांहीं पालक मुलाचें इंग्रजी सुधारावें म्हणून घरीं मायबोली बोलणेंच बंद करितात. हेतु चांगला, परंतु ज्या तराजूंत परकी भाषा तोलावयाची, त्याचें एक पारडेंच ते काढून घेतात. विद्यार्थिबंधूंनीं शब्द एकेकटा न घोकतां वाक्यासह शिकावा, आणि प्रत्येक वेळीं ‘येथें कर्ता कोण?’ असें स्वतःस विचारावें. पालकांनीं रात्रीं जेवतांना आपल्या भाषेंत मुलांशीं मोकळेपणें बोलावें. ‘गेट’ समजण्याचा आरंभ तेथूनच होतो, असें आमचें मत आहे.