घर बंद करताना

राधानगरीहून दाजीपूरकडे जाणाऱ्या वाटेवर आमचे एक जुने कौलारू घर आहे. रोहिणी नक्षत्र लागले, की आम्ही कोल्हापूरहून तेथे जातो, ते राहावयास नव्हे, तर घर बंद करावयास. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस एकदा सुरू झाला, की दसऱ्यापर्यंत तेथे राहणे कठीण. म्हणून कौले चाळावयाची, पडवीला तट्टे बांधावयाचे, भिंतीतील भोके बुजवावयाची आणि शेवटी दाराला कुलूप लावावयाचे. एवढे केले, की घर बंद झाले, असे पुष्कळांना वाटते. मलाही तसेच वाटत असे. आज माझे मत निराळे आहे आणि ते का बदलले, हे मी तुम्हांला सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आभाळ भरून आले होते. मी घाईघाईने मागच्या भिंतीतील एक भोक चिखलाने लिंपून टाकले. त्या वेळी कुंपणावर एक दयाळ पक्षी बसून सारखा ओरडत होता. तो आवाज मी ऐकला. पण त्याकडे लक्ष दिले नाही. दिवाळीनंतर घर उघडले, तेव्हा लिंपण गळून पडले होते आणि आत काड्यामुळ्यांच्या घरट्यात वाळून गेलेली चार पिले होती. मुलांनो, ज्याने जन्मभर वर्गात शब्दांचे अर्थ सांगितले, त्याला त्या ओरडण्याचा सोपा अर्थ कळला नाही! त्या दिवसाची खंत माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

त्याच रानात धनेश नावाचा पक्षी राहतो. अंडी घालण्याच्या वेळी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. मात्र एक बारीक फट ती आवर्जून राखते. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिलांना फळे भरवतो. दार तिनेही बंद केले आणि मीही. पण आत कोण आहे, याची जाण तिला होती, मला नव्हती.

गेल्या वर्षी त्याच भोकात पुन्हा दयाळाचे घरटे दिसले. नर आणि मादी चोचीत किडे घेऊन आळीपाळीने येत होती. माझी नात म्हणाली, “आजोबा, आपण पिलांना खोक्यात घालून कोल्हापूरला नेऊ या का?” तिचा हेतू चांगला होता. तथापि दिवसभर किडे वेचून आणणारे आईबाप आपण कोठून आणणार? शिवाय रानातले पाखरू घरी कोंडून ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. शेजारचे शेतकरी म्हणाले, “गुरुजी, पाखरासाठी पाऊस थांबायचा नाही. भिंत भिजली, तर पडेल.” त्यांचेही म्हणणे खोटे नव्हते, कारण भिंत मातीची आहे. अखेर आम्ही भोकावर एक फळी तिरकी ठोकली. पाणी बाहेरच्या बाजूस निथळू लागले आणि पाखरांची वाट मोकळी राहिली. दयाळाची पिले सुमारे पंधरा दिवसांत उडून जातात. दोन आठवड्यांनी मी एकटाच पुन्हा गेलो, घरटे रिकामे झाल्याची खात्री केली आणि मगच भोक बुजवले. एसटीचा एक हेलपाटा जास्त पडला, एवढेच.

तर मग प्राण्यांसाठी घर उघडेच ठेवावे काय? मुळीच नाही. घरात धान्य ठेवले, तर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतात. माकडांसाठी खाऊ ठेवला, तर ती कौले उचकटावयास शिकतात. म्हणून सामान उचलावे, दारेखिडक्या घट्ट लावाव्यात. यात निर्दयपणा नाही. घरास कुलूप लावण्याचा आपला हक्क आहे. पण कुलूप लावण्यापूर्वी आत कोण आहे, हे पाहणे आपले कर्तव्य आहे.

माणसाला असे पाहावयास शिकता येते, याचा दाखला आमच्या घराजवळच आहे. दाजीपूरचे रान पूर्वी कोल्हापूरच्या महाराजांच्या शिकारीसाठी राखलेले होते. १९५८ साली तेच रान गव्यांसाठी अभयारण्य झाले. पुढे त्याचा विस्तार होऊन त्यास राधानगरी अभयारण्य असे नाव मिळाले आणि २०१२ साली पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत त्याची गणना झाली. जेथे गव्यावर बंदुकीचा नेम धरला जाई, तेथे आज लोक श्वास रोखून त्याला नुसते पाहतात. पावसाळ्यात हे रानही पर्यटकांसाठी बंद असते; परंतु ते बंद होते माणसांसाठी, तेथे राहणाऱ्या प्राण्यांसाठी नव्हे.

तुमचे घर रानात नसेल. तरीही सुट्टीत गावी जाताना तुम्ही घर बंद करताच. माळ्यावर, छपराच्या वळचणीला, खिडकीच्या वर एकदा नजर टाका. जवळच एखादे पाखरू सारखे ओरडत असेल, तर क्षणभर थांबा. ते तुम्हांला काही सांगत असेल.