पडदाही वाजवावा लागतो

आषाढ उतरणीला लागला, की पुण्यात नदीकाठी संध्याकाळचे ढोल ऐकू येऊ लागतात. कचेरीतून सुटलेली, महाविद्यालयातून परस्पर आलेली मुलेमुली कमरेला ढोल बांधून तास-दोन तास एकच ठोका घोटीत असतात. नव्याने आलेल्यास पहिल्याच दिवशी मिरवणुकीत कोणी उभे करीत नाही. हात बसला, कान तयार झाला, पुढच्याचा इशारा कळू लागला, म्हणजे मग त्याची पाळी येते. ही शिस्त कोणा सरकारी खात्याने लावलेली नाही. उत्सवाने ती स्वतःच लावून घेतली आहे, आणि तिचे आम्हांला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

परंतु तेच मंडळ मांडवात एलईडीची भिंत उभी करते, तेव्हा ही शिस्त कोठे जाते? मागे एका मांडवात आम्ही सायंकाळच्या आरतीस उभे होतो. मूर्ती साधी, प्रसन्न. पुढे दोन समया. आरती सुरू झाली आणि मूर्तीमागच्या भिंतीवर जांभळ्या बोगद्यातून त्रिकोणांची एक रांग आमच्या अंगावर चालून येऊ लागली. ती संपली तेव्हा कोणत्या तरी परदेशी शहराच्या उंच इमारती आल्या, आणि मग पुन्हा तोच बोगदा. पाठीमागच्या झगझगाटाने मूर्तीचा चेहरा काळवंडून गेला होता. भिंत चालविणारा तरुण लॅपटॉप चालू ठेवून चहाला गेला होता. त्याला आम्ही दोष देत नाही. त्याला पैसे मिळाले होते ते भिंत उभी करण्याचे. चित्रे दाखविण्याचे कोणी ठरविलेच नव्हते.

संगीत चालू असताना त्याच क्षणी, त्याच्या ओघात, चित्रांचे थर एकमेकांवर चढवीत आणि उतरवीत पडदा खेळता ठेवणाऱ्यास आज जगभर व्हीजे म्हणतात. आपल्याकडे १९९० नंतर संगीतवाहिन्यांवर दोन गाण्यांच्या मध्ये बडबड करणाऱ्या निवेदकांनाही हेच नाव होते. तो प्रकार वेगळा. हा व्हीजे बोलत नाही. तो वाजवितो, आणि त्याचे वाद्य म्हणजे पडदा. ढोल वाजविण्यास शिकावे लागते, तसा पडदा वाजविण्यासही शिकावे लागते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ही विद्या परकी आहे, असे म्हणून हात झटकण्याची सोय मात्र महाराष्ट्राला नाही. सार्वजनिक गणेशोत्सव १८९२ सालचा की १८९३ सालचा, हा वाद पुणेकरांनी खुशाल चालू ठेवावा. त्याच सुमारास, १८९२ साली, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ लोकांपुढे आणली होती. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे कंदिलाच्या प्रकाशाने पडद्यावर टाकावयाची, काचा झरझर बदलून चित्र हलल्याचा भास करावयाचा, आणि निवेदन व संगीत यांच्या साथीने रामायण-महाभारतातील कथा उभ्या करावयाच्या, असा हा खेळ होता. पटवर्धनांनी आपल्या मुलांसह तो १९१८ पर्यंत चालविला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला १९१३ साली, म्हणजे या खेळानंतर दोन दशकांनी. चित्रपटाची रिळे एकदा तयार झाली की झाली. खरोलिकेचा खेळ दर वेळी हातांनी नव्याने करावा लागे. त्याही मागे पाहावयाचे, तर कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी आहेतच. पोथीतले एकेक चित्र कथा गाता गाता नेमक्या वेळी पुढे करणारा तो कलावंत व्हीजेचा पूर्वज नव्हे तर कोण? याच पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

पाश्चात्त्यांनीही हे हातानेच आरंभिले. न्यूयॉर्कच्या फिल्मोर ईस्ट या नाट्यगृहात १९६८ पासून ‘जोशुआ लाइट शो’ची मंडळी घड्याळाच्या खोलगट काचांत रंगीत तेल आणि पाणी घालून ती प्रोजेक्टरवर हलवीत, आणि पुढे वाजणाऱ्या बँडच्या मागे ते रंग पसरत. वादकाने श्वास घेतला तर हात थांबे. आज तेलाची जागा संगणकाने घेतली आहे. हात थांबविण्याची गरज मात्र कायम आहे.

ती का, हे आरतीवरूनच कळावे. आपली आरती संथ सुरू होते आणि टाळ्या-झांजांच्या भरात शेवटाकडे धावत सुटते. मिनिटाला ६० टाळ्या असतील तर एका टाळीस एक सेकंद मिळतो. त्या १२० झाल्या की अर्धाच सेकंद हाती राहतो. पडद्यावर सेकंदास २५ चित्रे धावत असतील, तर अर्ध्या सेकंदाला जेमतेम बारा-तेरा येतात. विकत घेतलेली तयार चित्रफीत आपल्या ठरल्या वेगाने फिरत राहते. तिला गर्दीचा श्वास कळत नाही. म्हणून या कामाच्या संगणक-प्रणालींत बहुधा ‘टॅप’ नावाचे एक बटण असते. वाजविणाऱ्याने टाळीबरोबर त्यावर बोट मारीत राहावे, म्हणजे चित्रे त्या लयीला येतात. शिकणाऱ्याचे पहिले काही आठवडे या एका बोटात जावेत, असे आम्हांस वाटते. त्यातही भिंतीपर्यंत चित्र पोहोचण्यास क्षणाचा काही अंश उशीर लागतो. तो ओळखून टाळीच्या किंचित आधी बोट पडले पाहिजे. तबलजीला हे सांगावे लागत नाही.

थर कसे मिसळावेत, मखराच्या कमानीवर चित्र नेमके कसे बसवावे, ही तांत्रिक अंगे शिकता येतात आणि त्यासाठी फार खर्चही नाही. ‘हायड्रा’ ही प्रणाली विनामूल्य आहे. ‘टचडिझायनर’ची बिगरव्यापारी आवृत्तीही शिकणाऱ्यास फुकट मिळते. जुना लॅपटॉप, उसना प्रोजेक्टर आणि एक पांढरी चादर एवढ्यावर प्रारंभ होतो. अवघड आहे ते अंधार ठेवणे. नवशिक्याला हाती असलेले सारे एकदम दाखवावेसे वाटते. समयांच्या तेजाशी जुळेल इतका भिंतीचा उजेड उतरवून, संथ हलणाऱ्या एका दूर्वेच्या चित्रावर तीन मिनिटे थांबून राहणे, याला धीर लागतो.

आमच्या वयाचे पुष्कळ वाचक म्हणतील की, मांडवातून हे पडदेच काढून टाका. त्यांची चीड आम्ही समजू शकतो. पण एकेकाळी विजेच्या माळांवर आणि हलत्या देखाव्यांवरही नाके मुरडली गेलीच होती, आणि आज तेच देखावे आपण नातवंडांना हौसेने दाखवितो. पडदा आता जाणार नाही. प्रश्न तो कोणाच्या हाती राहणार, हा आहे. तो बेजबाबदार हाती राहिला तर काय होते, याचे उदाहरण जपानने पाहिले आहे. १९९७ च्या डिसेंबरात तेथे एका व्यंगचित्रमालिकेत लाल-निळ्या प्रकाशाची वेगवान उघडझाप दाखविली गेली, आणि सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा होणारी उघडझाप अपस्माराची प्रवृत्ती असलेल्यास अपायकारक ठरू शकते. मांडवात कडेवरची मुले असतात, हे भिंत चालविणाऱ्यास कोणी तरी शिकविले पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जी आम्हांस सर्वांत अधिक खटकते. तयार ‘इफेक्ट’ लावून देवाच्या चेहऱ्याचे तुकडे करणे, तो ठोक्याबरोबर ताणणे, उलटा फिरविणे, हे प्रकार आता सर्रास दिसतात. करणाऱ्याच्या मनात पाप नसते. बटण समोर असते म्हणून ते दाबले जाते. मूर्ती समोर आहे, ती स्थिर आहे, लोक तिच्यासाठी आले आहेत. मग पडद्यावर मूर्ती हवीच कशाला? पडद्याने भोवतालचा पाऊस, पत्री, वाड्याच्या भिंती, वस्तीतल्या माणसांचे हात दाखवावेत. ही चित्रे बाजारात मिळत नाहीत. ती मुलांनी मोबाइलवर आपल्याच गल्लीत टिपून आणावी लागतील, आणि तसे एकदा झाले, की त्या बोगद्यांना आणि त्रिकोणांना पडद्यावर जागाच उरणार नाही.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना आमची विनंती अशी, की पुढील वर्षी भिंतीचे भाडे ठरविताना दहा फूट रुंदी कमी करावी. त्या वाचलेल्या पैशांत वस्तीतली चार-पाच मुले आषाढापासून बसवावीत. शिकविण्यास एखादा जाणता तंत्रज्ञ बोलवावा, तसाच लय शिकविण्यास पथकातला एखादा जुना ताशावालाही. जागा नसेल तर नदीकाठ आहेच. ढोल तेथे रोज वाजतात; त्यांच्यामागे चादर बांधावी आणि मुलांना त्या ठोक्यांवर बोट मारू द्यावे.