मधुमेह नियंत्रणाचा हिशेब

मधुमेह हा सुखवस्तूंचा रोग, ही समजूत सोलापूरसारख्या कामगारांच्या शहरात तरी आता सोडून द्यावयास हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे १५ राज्यांतील निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रासह तुलनेने संपन्न राज्यांच्या शहरी भागांत हा रोग खालच्या आर्थिक थरांतच अधिक असल्याचे त्यांतून दिसून आले. देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर असल्याचा अंदाज याच पाहणीने २०२३ मध्ये दिला.

केंद्र सरकारने असंसर्गजन्य रोगांसाठी २०१० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तीस वर्षांवरील सर्वांची तपासणी हे आज त्याचे एक प्रमुख अंग आहे. रक्तदाब व मधुमेहाच्या ७.५ कोटी रुग्णांना २०२५ पर्यंत उपचाराखाली आणण्याचे लक्ष्य २०२३ मध्ये जाहीर झाले. तपासणी आवश्यक आहे, यात वाद नाही. परंतु नोंदवहीत नाव येणे आणि रक्तातील साखर आटोक्यात येणे या भिन्न गोष्टी होत. कार्यक्रमाचे मूल्यमापन दुसरीवरून झाले पाहिजे.

या दोहोंत अंतर का पडते, हे विडी कामगार स्त्रीच्या दिनक्रमावरून कळते. तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. दवाखान्याच्या रांगेत गेलेली सकाळ म्हणजे बुडालेली मजुरी. गोळी फुकट मिळाली तरी ती आणण्याची किंमत तिलाच मोजावी लागते. गोळ्या संपल्या की उपचार थांबतो. पुढे पायाची जखम चिघळते, मूत्रपिंडे निकामी होतात. जन आरोग्य विमा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यासाठी आहे. पाय कापण्याची वेळ आल्यावर ती धावून येते. पाय वाचविणाऱ्या रोजच्या गोळीची तरतूद तीत नाही. विडी कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ च्या कायद्याने बसविलेला उपकरही २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर रद्द झाला. आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे त्याच वर्षीच्या धोरणाचे वचनही पुरे झाले नाही.

आहाराचेही तेच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शिधापत्रिकेवर मात्र मुख्यत्वे गहू-तांदूळच येतात. गरिबाला पथ्य सांगावयाचे आणि पथ्याचे धान्य द्यावयाचे नाही, हा कुठला न्याय?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. कामगार वसाहतींत सायंकाळी दवाखाना उघडा असावा. एका भेटीत निदान महिन्याच्या गोळ्या मिळाव्यात. ज्वारी शिधावाटपात नियमित यावी. आणि किती जणांची साखर आटोक्यात आली, हा आकडा दर सहामाहीस प्रभागवार जाहीर व्हावा. कार्यकर्त्यांनी या आकड्याची वाट पाहत बसू नये. आपापल्या वस्तीत किती जणांचे औषध सुटले आणि कशामुळे सुटले, याची घरोघर नोंद करून ती महापालिकेपुढे ठेवणे हे काम उद्यापासून करता येण्यासारखे आहे.