झडपांचा संधिकाल

अमेरिकेंत मिशिगन सरोवराच्या कांठीं राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र नुकतेंच आलें. त्यानें एक जुनी मोटारबोट विकत घेतली असून तिच्यांत शेव्हरोलेचें ४५४ घनइंची, म्हणजे सुमारें ७.४ लिटरचें, आठ सिलिंडरांचें एंजिन आहे. अशा धिप्पाड एंजिनास तिकडे 'बिग-ब्लॉक' म्हणतात. बोट अधिक वेगानें धांवावी या हौसेनें त्यानें शर्यतीच्या मोटारीस शोभेल असा कॅमशाफ्ट आंत बसविला. पहिल्याच उन्हाळ्यांत दोन सिलिंडरांत पाणी शिरलें, झडपांच्या बैठकी गंजल्या आणि दट्ट्याचा एक दांडा वांकला. "मास्तर, सरोवराचें पाणी तेथवर चढलें तरी कसें?" असें तो विचारतो. माझें आयुष्य व्याकरण शिकविण्यांत गेलें. परंतु या प्रश्नाचें मर्म संधींतच असल्यामुळें उत्तर देण्याचें धाडस करतों.

एंजिनाचा दट्ट्या चार कामें करतो : ताजें मिश्रण आंत घेणें, तें दाबणें, त्याच्या स्फोटानें खालीं ढकललें जाणें आणि जळका वायु बाहेर टाकणें. या चार कामांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तर कॅमशाफ्टचा एकच. कॅमशाफ्टवरील उंचवटे प्रवेशाच्या व निर्गमाच्या झडपा उघडतात. कोणती झडप केव्हां, किती वेळ व किती उघडावी, हें सर्व त्या उंचवट्यांच्या आकारांत कोरलेलें असतें.

एक झडप मिटल्यावर मगच दुसरी उघडत असेल, असें आपणांस वाटतें. वस्तुतः वायूसहि जडत्व आहे. त्यास हलावयास वेळ लागतो, आणि एकदां हलला म्हणजे तो थांबत नाहीं. म्हणून निर्गमाची झडप पुरती मिटण्यापूर्वींच प्रवेशाची उघडावी लागते. दोन्ही झडपा उघड्या असण्याच्या या अवधीस मी संधिकाल म्हणतों. फेरे जलद असतांना हा काल लाभदायक ठरतो. बाहेर धांवणारा वायु नव्या मिश्रणास मागें ओढून आणतो. फेरे मंद असतांना मात्र उलट घडतें. प्रवेशनळींत त्या वेळीं निर्वात असल्यामुळें बाहेर निघालेला वायु पुनः आंत खेंचला जातो.

मोटारींत असें झाल्यास केवळ धूर परततो व एंजिन गचके देतें. बोटींत धोका निराळा आहे. तेथें तप्त वायु थंड करण्यासाठीं निकासनळीच्या वळणावर बाहेरचें पाणी सोडलेलें असतें. वायु उलटा फिरला कीं त्याबरोबर तुषारहि झडपेपर्यंत येतात. पाणी दाबलें जात नाहीं. तें पुरेसें सांचलें असतां वर येणारा दट्ट्या त्यावर आदळतो आणि दांडा वांकतो. तथापि सर्व दोष कॅमच्या माथीं मारण्यापूर्वीं तें वळण सडून गळत नाहीं ना, हेंहि पाहावें.

निवड करतांना थोडें गणित करावें. दोन्ही झडपा उघड्या राहण्याचे अंश मिळवून चारांनीं भागावे, त्यांतून दोन उंचवट्यांच्या शिखरांमधील अंतर वजा करावें व बाकी दुप्पट करावी, तोच संधिकाल. दोन्ही झडपा २७२ अंश उघड्या राहात असतील आणि शिखरांतर १०८ अंश असेल, तर संधिकाल ५६ अंश येतो. शिखरांतर ११४ केल्यास तो ४४ अंशांवर उतरतो. म्हणून बोटीसाठीं ११२ ते ११४ अंशांचें शिखरांतर व बेताचा उघडा काल पसंत करावा.

दुसरें असें कीं, मोटारीस कधीं उतार लागतो. बोटीस पाणी म्हणजे अखंड चढच. पंख्याचे फेरे दुप्पट करावयाचे तर सुमारें आठपट शक्ति लागते. कारखान्यांतून आलेलें असें बोटीचें एंजिन पूर्ण वेगांतहि मिनिटास पांच हजारांखालींच फिरतें व नित्याचा प्रवास तीन-साडेतीन हजारांवर चालतो. मग सहा हजारांवर रंगांत येणारा कॅम काय कामाचा?

निवड योग्य झाली तरी साखळीच्या चक्रांवरील खुणा जुळविल्या म्हणजे काम संपलें असें नाहीं. क्रँकशाफ्टवर अंशचक्र बसवावें. दट्ट्या माथ्याशीं कांहीं अंश निश्चल भासतो, म्हणून डोळ्यांवर विसंबूं नये. त्याच्या वाटेंत अडसर लावून दोन्ही बाजूंनीं फिरवावें व दोन्ही नोंदींचा मध्य घ्यावा. तोच खरा माथा. नंतर प्रवेशाच्या उंचवट्याचें शिखर मापकानें तसेंच शोधावें : शिखराच्या अलीकडे व पलीकडे ०.०५० इंच उतार जेथें होतो, त्यांचा मध्य. शिखरांतर ११४ असून कॅम चार अंश पुढें ठेवावयाचा असेल, तर हें शिखर माथ्यानंतर ११० अंशांवर आलें पाहिजे. कॅम पुढें सरकविल्यानें प्रवेशाची झडप लवकर मिटते व मंद फेऱ्यांत ओढ वाढते. बोट पाण्यावर उचलली जाते ती याच ओढीनें. मागें राहिल्यास ती ओढ घटते.

माझ्या विद्यार्थ्यास एवढेंच सांगणें : बाबा, वह्या तपासतांना मी तुझे संधि लाल शाईनें सुधारीत असें, आणि चूक तेथेंच मिटत असे. लोखंडांत कोरलेला संधि शाईनें सुधारत नाहीं. या खेपेस कॅम घेण्यापूर्वीं त्याचा कागद मागून घे, वरील गणित कर आणि मग पैसे दे. सपाट तळाचे टॅपेट असतील तर तेहि नवेच घाल. आणि एंजिन बंद करण्यापूर्वीं एकदां अंशचक्रावर पाहा.