तुकोबांची तसबीर

आषाढी एकादशीचे कीर्तन आटोपून आम्ही पनवेलच्या वडाळे तळ्याकाठाने घरी निघालो होतो. एका तरुण श्रोत्याने थांबवून मोबाइल पुढे केला. म्हणाला, "बुवा, हा तुकोबांचा खरा फोटो." उन्हाने रापलेली कातडी, दाढीत रुपेरी केस, गळ्यात तुळशीमाळ. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करवून घेतलेले ते चित्र होते. शेजारच्या आजींनी लगेच हात जोडले. आमचे हात काही जुळेनात.

तुकोबा सतराव्या शतकातले. छायाचित्रणाची विद्या जगापुढे आली ती १८३९ साली. तेव्हा फोटो असणे शक्यच नाही. पण आपल्या कितीतरी घरांत तुकोबा म्हणून जी तसबीर पुजली गेली, ती तरी कोणाची? विष्णुपंत पागनीसांची! प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली पडद्यावर आला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. पागनीस हे पूर्वी नाटकांतून स्त्रीभूमिका करणारे गायक नट. चित्रपटाचा गौरव पुढे व्हेनिसच्या महोत्सवातही झाला. परंतु नटाचा चेहरा भिंतीवर टांगून त्याला हार घालावा, याहून मोठा मान कोणत्या महोत्सवाने द्यावा?

शब्दांचेही तसेच झाले. त्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी एक अभंग रचला, तो इतका तुकोबांच्या वळणाचा की जाणकारांनीही तो गाथेत शोधला. त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. ऐन उमेदीत आम्ही तोच अभंग तुकोबांचा म्हणून निरूपणास घेतला होता. कीर्तनानंतर एका वृद्ध श्रोत्याने शांतपणे विचारले, "बुवा, गाथेत क्रमांक कितवा?" रात्री गाथा दोनदा चाळली. पुढच्या कीर्तनात चूक कबूल करावयास हवी होती, केली नाही. ती आज येथे करीत आहोत. आठवल्यांनी आपली रचना तुकोबांच्या नावावर खपविली नव्हती. त्यांचे नाव गाळले ते आम्ही गाणाऱ्यांनी.

संस्कृतात 'प्रतिमा' आणि 'प्रमा' हे दोन्ही शब्द 'मा' म्हणजे मोजणे या एकाच धातूपासून आले आहेत. प्रमा म्हणजे यथार्थ ज्ञान. प्रतिमा ही मूळ वस्तूशी ताडून पाहावयाची असते. पागनीसांच्या तसबिरीत निदान पागनीस तरी खरे आहेत. कॅमेऱ्यापुढे एक जिताजागता माणूस डोळे मिटून उभा होता. मोबाइलमधल्या त्या चेहऱ्यापाठीमागे कोणीच उभे नव्हते. मग ताडावे कशाशी?

कोणी म्हणेल, बुवा, तुम्हीही उत्तररंगात जिजाईच्या तोंडी पदरचे संवाद घालताच ना? घालतो. पण ते बोलणारे बुवा समोर घाम पुसत उभे असतात, आणि त्यांना क्रमांक विचारता येतो.

त्या तरुणास आम्ही एवढेच सांगितले की, चित्र खुशाल ठेव, खाली 'काल्पनिक' असे लिही. तो क्षणभर थांबून म्हणाला, "आणि बुवा, तुमच्या घरच्या तसबिरीखाली काय लिहिलंय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही चौकट उतरविली, काच पुसली आणि खाली कागद चिकटविला: 'विष्णुपंत पागनीस, तुकोबांच्या भूमिकेत, १९३६.' सौभाग्यवतींनी तो वाचला, काही बोलल्या नाहीत, आणि रोजच्यासारखा हार घातला.